थांबाबाई

बधिर करायची सुई टोचण्याआधी तिने डाव्या हाताच्या दोन बोटांत ती गाठ धरली, तेवढ्यात हिरव्या कापडापलीकडून आवाज आला, "जपून हं. हवा जाईल."

टेबलावरचा पेशंट विनोद करायला लागला की तो घाबरलेला असतो, हे तिला सर्जरीच्या पाच वर्षांत पुरतं कळलं होतं. ती मास्कच्या आत हसली. समोर हिरवं कापड, कापडाला मधोमध तळहाताएवढं भोक, आणि त्या भोकात उजव्या जांघेतली लालबुंद, ताणलेली, लिंबाएवढी गाठ. कापडाखाली बहात्तर वर्षांची एक बाई होती, पण ती दिसत नव्हती. छोट्या ऑपरेशनांच्या त्या खोलीची पद्धतच तशी होती. सिस्टर पेशंटला आधीच झोपवून, पुसून, झाकून ठेवायच्या. डॉक्टरने यायचं, भोकात दिसेल ते कापायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. नऊ ते अकरा या दोन तासांत बारा गळवं फुटायची. ही पद्धत मोठ्या सरांनी बसवली होती आणि पाहुण्या डॉक्टरांना ते ती कौतुकाने दाखवायचे.

"कसली हवा, मावशी?"

"माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढते, चाळीस वर्षं झाली." कापड जरासं हललं. "टायरला चीर पडली ना, की आतली ट्यूब अस्साच फुगा काढते. त्याला काही टोचलं की खेळ खलास. म्हणून इतकी वर्षं मी ह्याला कुणाला हात लावू दिला नाही."

सुईचं टोक कातडीपासून बोटभर अंतरावर होतं. ते तिथेच राहिलं.

"इतकी वर्षं? इथे कागदावर चार दिवस लिहिलंय."

"चार दिवस दुखतंय. कधीपासून दुखतंय असं विचारलं, मी चार दिवस म्हटलं. फुगा कधीपासून आहे ते कुणी विचारलंच नाही."

तिने सुई ट्रेमध्ये परत ठेवली. ट्रेजवळच्या सिस्टरनी डोळे मिटून घेतले. पुढचा शब्द कोणता येणार, ते त्यांना पाठ होतं.

"थांबा," ती म्हणाली.

या एका शब्दापायी अख्ख्या हॉस्पिटलात तिचं नाव थांबाबाई पडलं होतं. वॉर्डबॉय म्हणायचे, कॅन्टीनवाला म्हणायचा, आणि एकदा तर तिनेच फोनवर चुकून "थांबाबाई बोलतेय" असं सांगितलं होतं. गेल्या वर्षभरात चालू ऑपरेशन तिने तीनदा थांबवलं होतं. पहिल्यांदा मानेवरच्या गाठीत तिला नाडी लागली. ती तिच्याच बोटाची निघाली. दुसऱ्यांदा एक्स-रे उलटा लावलाय अशी तिची खात्री झाली. तो सुलटाच होता. तिसऱ्यांदा एक बोळा कमी भरला म्हणून तिने पोट शिवणं थांबवलं, सगळ्यांनी वीस मिनिटं शोधाशोध केली आणि बोळा सापडला मोठ्या सरांच्या बुटाखाली. तिन्ही वेळा सर एक शब्दही बोलले नव्हते. त्याचाच तिला जास्त त्रास झाला होता.

शेवटी गेल्या सोमवारी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर बसवून शांतपणे म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला. पण ज्याचा पाय सारखा ब्रेकवर असतो, त्याच्या ताब्यात मी गाडी देत नाही. तीन नंबरचं टेबल रिकामं होतंय. ते तुम्हाला द्यायचं की नाही, शुक्रवारी ठरवतो. तोवर आणखी एकदा उगाच थांबलात, तर ओपीडीत बसा आणि औषधं लिहा."

स्वतःचं टेबल. स्वतःची यादी, स्वतःचा निर्णय, समोर विचारायला कुणी नाही. शिकायला लागल्यापासून तिला दुसरं काही नकोच होतं. आणि आज गुरुवार होता.

"मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या, "बाहेर अकरा जण बसलेत."

"माहीत आहे. कापड काढा."

"पूर्ण? सगळं परत पुसावं लागेल."

"पुसू."

सिस्टरनी कापड उचललं. म्हातारीच्या कमरेभोवती आणि तिथून उजव्या जांघेवरून मांडीकडे एक काळपट, गुळगुळीत पट्टा उमटला होता. दोन बोटं रुंद, बरोबर गाठीवरून जाणारा. वर्षानुवर्षं काहीतरी घट्ट बांधल्याशिवाय अशी खूण पडत नाही. भोकातून त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"हे काय, मावशी?"

"ट्यूबची पट्टी." चोरी सापडल्यासारखं म्हातारीने छताकडे बघितलं. तिचे केस पांढरेशुभ्र होते आणि नखांच्या कडा काळ्या. "जुनी ट्यूब कापून बांधायची. पंप मारायला लागलं की हा बाहेर यायचा, आडवं झालं की आपोआप आत. पट्टी बांधली की दिवसभर गप्प. दहा वर्षं चाललं. मागच्या आठवड्यात जो बाहेर आला, तो आत जायलाच तयार नाही. मग दुखायला लागलं."

"घरी कुणाला माहीत होतं?"

"सुनेला सांगितलं असतं, तर तिने पंप काढून घेतला असता हातातून."

तिने हातमोजा बदलला आणि गाठीच्या आतल्या बाजूचं हाड चाचपलं. तिथला छोटा उंचवटा सापडला, तसं बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने गाठीची मान शोधली. मान हाडाच्या खाली आणि बाहेरच्या अंगाला होती, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला लागून. त्या अरुंद फटीतून हर्निया क्वचितच येतो, पण आला की बहुतेक वेळा अडकतो. हे गळू नव्हतं. निदान नुसतं गळू नक्कीच नव्हतं.

पण कागदावर मोठ्या सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलंही खोटं नव्हतं. उलटी नाही. पोट फुगलेलं नाही. शौचाला रोज साफ. आतडं अडकलं असतं तर चार दिवसांत ही बाई ओकून ओकून अर्धी झाली असती, इथे विनोद करत पडली नसती. मग त्या फटीत अडकलंय तरी काय? याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं, आणि उत्तर नसताना थांबलं की काय होतं, हे तिला मागच्या तीन वेळांनी चांगलंच शिकवलं होतं.

दारात मोठे सर उभे होते. यादी पुढे सरकत नसली की ते कुठेही असले तरी त्यांना कळायचं.

"काय झालं?"

"मॅडम थांबल्यात," सिस्टर म्हणाल्या. चहाडीचा सूर नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं.

सरांनी गाठीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "लाल आहे, गरम आहे, ताप आहे. गळू आहे. हर्निया असता तर उलट्या झाल्या असत्या."

"हो सर. पण गाठ दहा वर्षांची आहे. झोपल्यावर आत जायची. हा पट्टा बघा." तिने पट्ट्यावरून बोट फिरवलं. "आत काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसताना त्यात ब्लेड घालायचं नाही मला. स्कॅन करू द्या."

"आणि गळूच निघालं तर?"

"तर तुम्हाला शुक्रवारपर्यंत थांबायची गरज नाही, सर."

सिस्टरनी उगाचच ट्रेमधल्या कात्र्या सरळ केल्या. सरांनी तो काळा पट्टा वाकून पाहिला. मग ते सरळ झाले.

"एक तास," ते म्हणाले. "बाकीची अकरा मी फोडतो."

स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर म्हातारीची सून बसली होती, मांडीवर सासूच्या चपला घेऊन. पट्टीची हकिगत ऐकल्यावर तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग तिला भलतंच आठवलं.

"म्हणजे दुकानातल्या ट्यूबा आईच कापत होत्या? मी दहा वर्षं उंदरांवर संशय घेतला हो. सापळे लावले." एवढं बोलेपर्यंत तिचे डोळे भरून आले. "बऱ्या होतील ना त्या? रागवायचंय मला त्यांच्यावर."

"होतील," थांबाबाई म्हणाली, आणि तसं म्हणण्याचा आपल्याला अजून काही अधिकार नाही, हे तिला बोलता बोलताच जाणवलं.

स्कॅनवाले डॉक्टर दिवसभर अंधारात बसून पडद्याशी पुटपुटायचे. माणसांशी बोलायची त्यांना फारशी सवय नव्हती. त्यांनी चित्रं वरून खाली सरकवायला सुरुवात केली. यकृत गेलं, मूत्रपिंडं गेली, आतड्यांची वेटोळी गेली.

"आतडं जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "फुगलेलं नाही. फटीत उतरलेलं नाही."

म्हणजे सर बरोबर. चौथ्यांदा.

"पण थांबा," स्कॅनवाले डॉक्टर म्हणाले. तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती. "ही नळी बघा. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून निघाली. आली खाली. आणखी खाली. शिरली की फटीत. पुढे वाट नाही हिला, टोक बंद आहे. आणि टोक सुजलंय चांगलंच."

"अपेंडिक्स," ती म्हणाली.

"जांघेत."

"जांघेत."

त्यांनी ते टोक पडद्यावर मोठं करून पाहिलं.

"एकवीस वर्षं बसलोय मी इथे," ते म्हणाले. "वाचलं होतं. बघितलं आज."

तिला त्या अंधारात नाचावंसं वाटलं. इतका निखळ आनंद तिला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की सुईनंतर ब्लेड येणार होतं, आणि ते ब्लेड सरळ त्या सुजलेल्या नळीत गेलं असतं. ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "प्रिंट द्या. दोन द्या."

मोठ्या सरांनी ते चित्र खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. अकरा गळवं फोडून त्यांचा गाऊन मळला होता.

"म्हणून उलट्या नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले. "मुख्य रस्ता मोकळाच होता. गल्ली अडकली होती." मग चित्र तिच्या हातात देत म्हणाले, "ओटी तयार करायला सांगा."

"तुम्ही कधी येताय, सर?"

"येतो की. समोरच्या बाजूला उभा राहतो. करणार तुम्ही. मी तर गळू फोडायला निघालो होतो."

म्हातारीला कमरेखाली बधिर करायचं इंजेक्शन मणक्यातून दिलं. त्यामुळे ती जागी होती आणि बोलत होती. छातीपाशी पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे थांबाबाई, पलीकडे म्हातारीचं तोंड, आणि समोर मोठे सर, मदतनिसाच्या जागेवर. त्या जागेवर त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. सिस्टरनी भोकाचं कापड वापरलंच नाही. चार मोठी कापडं चारी बाजूंनी लावली.

तिने कातडी उघडली, चरबीचा थर बाजूला केला, पिशवी सापडली. पिशवीला छोटा छेद देताच थोडं गढूळ पाणी आणि चमचाभर पू बाहेर आला, आणि त्यामागे करंगळीएवढं, जांभळट लाल टोक दिसलं. तेच होतं. स्कॅनमध्ये दिसलं तसंच, जिथे दिसलं तिथेच.

"काय निघालं?" पडद्यापलीकडून विचारणा झाली. "ट्यूब फुटलीय का?"

"नाही मावशी. फुगलीय, फुटली नाही."

"मग वेळेवर आलात तुम्ही."

अपेंडिक्स मुळापासून काढायला हवं होतं, आणि मूळ वर पोटात होतं. तिने हलकेच ओढून पाहिलं. येईना. आणखी ओढलं तर तुटलं असतं, आणि पू पोटात गेला असता. वरून पोट उघडायचा मार्ग होता, पण बहात्तर वर्षांच्या बाईला ते सोपं गेलं नसतं. फट जराशी रुंद करायला तिने तिच्या आतल्या काठाला कात्रीचं टोक लावलं. बाहेरच्या काठाला मोठी शीर होती. तिथे घसरलं तर पुढे बोलायला काही उरलं नसतं. तिने मान वर केली नाही, काही मागितलंही नाही. पण सरांचं बोट आलं आणि त्या शिरेवर आडवं बसलं, भिंतीसारखं, आणि तिथून हललं नाही.

तिने कात्री मिटली. एकदा. थांबून पाहिलं. पुन्हा एकदा, त्याहून कमी.

मूळ खाली आलं. गुलाबी, निरोगी, दोरा बांधायला पुरेसं. तिने दोन गाठी मारल्या, कापलं, आणि ती जांभळट शेपटी ताटलीत पडली. जागा तिने तीनदा धुतली.

सवयीने सिस्टरचा हात जाळीच्या पाकिटाकडे गेला. त्या ओटीत हर्नियाला जाळी बसवायचीच, हाही नियम सरांचाच. पाकिटाचं टोक फाटायच्या बेतात होतं.

"थांबा," ती म्हणाली.

सिस्टर थांबल्या. सरांनी काही बोलायला तोंड उघडलं होतं. मास्क हलला तेवढा दिसला.

"जाळी नको. इथे पू होता."

"पॅच नाही लावणार?" पडद्यापलीकडून काळजीचा आवाज आला. "लावा हो चांगला जाडसा."

"मावशी, ओल्या ट्यूबवर पॅच लावता का तुम्ही?"

"छे. धरत नाही तो. उलट सगळी घाण आत अडकून बसते."

"तेच तर. मी टाक्यांनी शिवते."

मोठ्या सरांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "सिस्टर," ते म्हणाले, "जाळी ठेवून द्या. जाड धागा द्या डॉक्टरांना." आणि मग थोडं थांबून, "मावशींनीही मत दिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता. सून शेजारी होती आणि ठरल्याप्रमाणे रागावत होती. पंप माळ्यावर गेला आहे, दुकानात विजेवर चालणारा येणार आहे, आणि या घरात यापुढे कुणी कुणापासून काही लपवणार नाही, असं तिचं चाललं होतं. म्हातारी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. ऐकत होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

मोठे सर खाटेच्या पायथ्याशी आले. मागे आठ-दहा शिकाऊ डॉक्टर होते. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मावशी, तुमच्या बाबतीत माझं चुकलं होतं. मी गळू म्हटलं. ह्या थांबल्या म्हणून वाचलो आपण. तुम्हीही आणि मीही."

शिकाऊ डॉक्टर जमिनीकडे बघू लागले. म्हातारीला मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही.

"चुकतं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांची रांग लागली की मीही ट्यूब पाण्यात न बुडवताच पॅच मारते. दिसलं भोक की लाव. मग संध्याकाळी तोच माणूस तीच सायकल ढकलत परत येतो. बुडवायला लागतोच किती वेळ?"

सरांनी मान हलवली. त्यांनी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, जे त्यांचं काम नव्हतं, आणि पुढच्या खाटेकडे गेले. आज शुक्रवार आहे, हे त्यांनी एका शब्दाने सुचवलं नाही. थांबाबाईनेही विचारलं नाही. दिवसभर तिने ओपीडीत औषधं लिहिली, आणि प्रत्येक कागदावर तारीख घालताना तिचा हात जरा जड झाला.

संध्याकाळी ओटीच्या बोळातल्या पाटीसमोरून जाताना तिचा वेग आपोआप मंदावला. पाटीवर पुढच्या आठवड्याच्या याद्या खडूने लिहिलेल्या होत्या. एक नंबर टेबल, दोन नंबर, आणि तीन नंबरसमोर, टपोऱ्या अक्षरात, तिचं नाव. हॉस्पिटलने ठेवलेलं नव्हे, आईवडिलांनी ठेवलेलं. तिने एका अक्षराला बोट लावून पाहिलं. खडू ताजा होता, बोटाला लागला. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या बोळात एक गिरकी घेतली. वळणावर कॅन्टीनवाला चहाची किटली घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही, पण तासाभरात ती गिरकी अख्ख्या हॉस्पिटलला माहीत झाली होती.

सोमवारी तीन नंबरवर तिची पहिली यादी होती. हात धुवायला निघाली, तर छोट्या ऑपरेशनांच्या खोलीबाहेर रांग लागलेली आणि आत सिस्टरचा आवाज चढलेला. "आधी उभे राहा. खोका. आता सांगा, गाठ कधीपासून आहे? दुखायचं नंतर." हिरवी भोकाची कापडं घडी करून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात होती.

"डॉक्टर," आतून मोठ्या सरांनी हाक मारली. "जरा या."

टेबलावर एक ट्रकवाला आडवा होता. डाव्या जांघेत लालबुंद गाठ, मधोमध पिवळा ठिपका, शिकाऊ पोरानेही डोळे मिटून सांगावं असं गळू. सरांच्या हातात ब्लेड होतं. चाळीस वर्षांत त्यांनी अशी किती फोडली असतील, त्याला गणती नव्हती.

ते ब्लेड धरून नुसते उभे होते.

तिने ट्रकवाल्याला तीन प्रश्न विचारले. हाडाचा उंचवटा शोधला. त्याच्या कमरेकडे, मांडीकडे, पार गुडघ्यापर्यंत नजर टाकली. सगळं व्हायला दीड मिनिट लागलं. खोलीत कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"गळूच आहे, सर," ती म्हणाली. "फोडा."

तेव्हा कुठे सरांनी ब्लेड टेकवलं.